चर्चवरच्या बाई

आमचे हे बोलायला महाकंजूस. जन्मभर अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत मोजमापाची यंत्रं दुरुस्त केली आणि घरी शब्दही तसेच मोजूनमापून वापरले. भाजी कशी झालीय विचारलं तर ‘बरी’, आणि दिवसभर खपून केलेली पुरणपोळी कशी झालीय विचारलं तर तीही ‘बरी’. त्यामुळे निवृत्तीनंतर एका संध्याकाळी हे गच्चीवरून धापा टाकत खाली आले आणि “अगं, चर्चवर एक बाई राहायला आल्यात” म्हणाले, तेव्हा मी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

बाई म्हणजे बहिरी ससाण्याची मादी. आमच्या सोसायटीच्या मागे जुन्या गावठाणातली कौलारू घरं आहेत आणि त्यांच्या पलीकडे चर्च. गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं की चर्चचा मनोरा अगदी समोर येतो. घंटेच्या कमानीखाली एक रुंद कठडा आहे, तिथे तिनं अंडी घातली होती. ससाणे घरटं बांधत नाहीत, हे मला ह्यांनी सांगितलं. वर्षानुवर्षांची माती-खडी साचलेली असते, ती पायानं उकरायची, जरासा खळगा करायचा आणि बसायचं. “म्हणजे संसाराची हौस आहे, पण भांडीकुंडी नकोत,” मी म्हटलं. नर तिच्यापेक्षा लहानखुरा. तिला खायला आणून देण्याचं काम त्याचं. “बघा, शिका जरा त्याच्याकडून,” असंही मी म्हणून घेतलं. असली संधी मी सोडत नाही.

ह्यांनी दुर्बीण आणली आणि प्लास्टिकची खुर्ची टाकून रोज संध्याकाळी गच्चीवर बसायला लागले. व्हायचं तेच झालं. समोरच्या विंगमधून तक्रार आली की काका दुर्बीण लावून खिडक्यांत बघतात. सेक्रेटरी जाब विचारायला वर गेले. ह्यांनी सरळ दुर्बीण त्यांच्या हातात दिली. पाऊण तास झाला तरी सेक्रेटरी खाली येईनात, तेव्हा त्यांची बायको त्यांना न्यायला आली.

मी चहा द्यायला वर जायचे. गुडघे कुरकुरायचे, मीही कुरकुरायचे. कप ठेवून लगेच खाली यायचं, असा सुरुवातीला नियम होता. मग एक दिवस ती शिकार करताना दिसली. मनोऱ्याच्या क्रूसावर नुसती बसलेली होती, ती उडाली, उंच गेली, ठिपका झाली, आणि पंख मिटून दगडासारखी खाली आली. मधल्या मध्ये एका कबुतराची पिसं हवेत पसरली. सगळं इतक्या चटकन झालं की माझ्या हातातला चहा माझ्याच साडीवर सांडला. ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. लग्नात भटजींनी सांगितलं म्हणून धरलं असेल तेवढंच, त्यानंतर चारचौघांत काय, उघड्या आकाशाखालीसुद्धा या माणसानं माझा हात धरला नव्हता. सोडायचं त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.

त्यानंतर मी दोन कप न्यायला लागले. गच्चीवर हे बोलायचे. डोळे दुर्बिणीला लावलेले असले की त्यांची जीभ सुटायची. त्यांची आई गेली तेव्हा ते रडू शकले नाहीत, हे मला तिथे कळलं. आमची मुलगी बंगळूरला गेली त्या रात्री ते स्टेशनवरून घरी न येता मैदानात बसून राहिले होते, हेही तिथेच कळलं. “मग मला सांगायचं नाही का?” मी चिडून विचारलं. “सांगतोय की आता,” ते म्हणाले. खाली घरात आलो की पुन्हा ‘बरी’ आणि ‘बरं’. पण मला संध्याकाळची वाट बघायची सवय लागली. नवऱ्याला भेटायला म्हातारपणी जिना चढून जाणारी माझ्यासारखी दुसरी बाई नसेल.

असे तीन उन्हाळे मिळाले. तिसऱ्या वर्षीही पिल्लं झाली, पांढऱ्या कापसाची असावीत तशी, आणि कापूस झडून त्यांना पंख फुटायला लागले तेव्हा ह्यांच्या छातीत दुखू लागलं. दवाखान्यात त्यांनी विचारलं, “पिल्लं उडाली का?” मी म्हटलं, “अजून नाही. तुम्ही आल्याशिवाय नाही उडायची.” ते म्हणाले, “बरं.” त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

दहाव्याला घाटावर कावळ्यांनी पिंड नीट ठेवूसुद्धा दिला नाही, झडपच घातली. पण तेराव्याला गच्चीवर पान ठेवलं आणि एक कावळा फिरकेना. भात, वरण, खीर, उडदाचे वडे, सगळं उन्हात वाळत होतं. कावळा शिवल्याशिवाय खाली पंगत बसणार नव्हती. माझे धाकटे दीर मुलुंडहून आले होते, विधी त्यांच्याच हातून झाले होते. ते म्हणाले, “घाटावरचे कावळे काय, सरावलेले. कोणाचंही खातात. घरच्या पानाला येत नाही म्हणजे इच्छा घरातली राहिलीय.”

कावळा का येत नाही ते मला दिसत होतं. चर्चच्या क्रूसावर बाई बसल्या होत्या. कठड्यावर पिल्लं उडायच्या बेतात, अशा वेळी ती आसपास एकही कावळा टिकू देत नसे. कावळे होते, पण लांब गावठाणातल्या माडावर कावकाव करत होते. मी एवढं बोलले असते तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता. पण मी गप्प बसले. कावळा शिवत नाही तोवर माणूस तिथेच घुटमळतो म्हणतात. माझा या गोष्टींवर फारसा विश्वास नाही, पण त्या दिवशी मला तो ठेवायचा होता. घुटमळू देत की. कोणाला घाई होती?

दिरांनी हात जोडून सांगितलं, “दादा, कुलदेवीला जायचं राहिलंय ना, मी जाऊन येतो.” कावळा आला नाही. मग आमची मुलगी पुढे झाली. तिचे डोळे सुजले होते. म्हणाली, “बाबा, आईची काळजी करू नका. मी तिला इथे एकटीला नाही ठेवणार. बंगळूरला माझ्याकडे नेते, कायमची.”

आता नेमका कावळा आला तर माझी वाटच लागली! पोरीची माया मला कळत होती. पण बंगळूरच्या त्या फ्लॅटमध्ये मी दिवसभर काय करणार होते? आणि ही गच्ची? मी मनातल्या मनात बाईंना म्हटलं, बसून राहा गं, हलू नकोस. ती हलली नाही. कावळा आला नाही. मुलगी रडायला लागली आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिताना बरं दिसत नाही, पण तसं वाटलं खरं.

दीर घड्याळ बघायला लागले. “दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ आता, वहिनी. लोक ताटकळलेत खाली.”

“थांबा,” मी म्हटलं. “माझं बोलायचं राहिलंय.”

सगळे बाजूला झाले. मी पानासमोर उभी राहिले. वचन वगैरे देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मला विचारायचं होतं. तुमची इच्छा राहिलीय ती माझ्यापायी आहे का, एवढंच. एकदा, उघड्यावर, सगळ्यांसमोर. पिल्लांसाठी अडलेलं नाही ना? कुलदेवीसाठी नाही ना? जन्मभर सगळं ‘बरं’ म्हणणाऱ्या माणसाला मला सोडून जाणं बरं वाटत नाहीये, एवढं मला कळायला हवं होतं. मग तो कावळा संध्याकाळपर्यंत आला नसता तरी मी उन्हात उभी राहिले असते.

मी तोंड उघडलं, “अहो…” आणि लांबून नराची हाक आली, कॅक कॅक कॅक. तो शिकार घेऊन आला होता. बाई क्रूसावरून उठल्या आणि त्याच्याकडे झेपावल्या. तेवढ्यात टाकीमागून एक कावळा उतरला, सरळ पानात चोच घातली आणि वडा घेऊन गेला.

“शिवला, शिवला!” दीर ओरडले. मुलगी माझ्या गळ्यात पडली. “काय बोललीस गं आई? काय सांगितलंस बाबांना?”

“काही नाही,” मी म्हटलं. तिला वाटलं, मी सांगायचं टाळतेय.

सगळे भराभर खाली उतरले, पानं मांडल्याचे आवाज यायला लागले. त्यांच्या दृष्टीनं हे तृप्त होऊन गेले होते. मी तिथेच उभी होते. माझी इच्छा कोणी विचारली नाही, आणि ती काही मोठी नव्हती. मला अजून एक संध्याकाळ हवी होती, त्यांच्या शेजारी. ती अजून हवी आहे.