टाकीला कान लावणारी

खिंडीत पोचलो की आमची ड्रायव्हरीण गाडी बाजूला घ्यायची. इंजिन चालूच. पदर खोचून मागं जायची, पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करायची आणि कान लावायची. काहीच ऐकू आलं नाही की खूश. “घेतीया श्वास. चला!”

नवा माणूस गाडीत असला तर हसायचाच. “टाकीला ताप हाय का वं?”

“हसा राव. हितनं मढापतूर चालत नाय गेलाव कदी, म्हणून हसू येतंय.”

मी गेले आहे चालत. म्हणून मी कधी हसले नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मढच्या शाळेत शिकवायला लागले होते. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, हे आजही मान वर करून सांगते. आम्ही काही शिक्षक जुन्नरला राहायचो. ती मढची. सकाळी गावातली माणसं जुन्नरला सोडायची, पेट्रोल भरायची आणि आम्हाला घेऊन परत मढला. गाडी नवऱ्याची, पांढरी, जुनी. नवऱ्यानं हयातीत तिला खळ्यावर चालवायला शिकवली होती. तो गेला आणि तिनं स्टेअरिंग धरलं. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, कुणाला विचारत बसत नाहीत.

एका पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं आणि गाडी बरेच दिवस दारात बसली. पुढच्या पावसाळ्याआधी तिच्या सासूनं दुधाची प्लास्टिकची पिशवी धुऊन, घडी घालून झाकणाच्या आत घट्ट बसवली. म्हातारी मिठाच्या बरणीपासून रेडिओपर्यंत सगळंच प्लास्टिकात बांधायची. मढचा पाऊसच तसा. ही कौतुकानं सगळ्यांना दाखवायची, “आत्यांचं डोकं बगा!” आम्हीही ती पिशवी रोज पाहत होतो.

त्याच पावसाळ्यात गाडी खिंडीत बंद पडायला लागली. आचके द्यायची आणि गप्प. अर्ध्या तासानं आपोआप सुरू. मेकॅनिकनं कार्बोरेटर खोलून साफ केला, फिल्टर बदलला. त्याच्या दारात गाडी शहाणी, खिंडीत पुन्हा तेच. कुणी म्हणालं, खिंडीत लिंबू उतरवा.

“खिंडीला काय माज्या पेट्रोलशी घेणं?” ती म्हणाली.

गाडीत दिराचा अर्धा वाटा होता. त्यानं बजावलं, “वहिनी, आता एकदा जरी रस्त्यात बसली, तर भंगारात. माणूस बघून ठेवलाय मी.” गाडी गेली की तिनं लोकांच्या शेतात भात लावायला जायचं, एवढाच त्याचा अर्थ.

त्या आठवड्यात ती मला म्हणाली, “बाई, येक इचारू? टाकी फुल्ल केली की खिंडीतच बसती. पेट्रोल कमी असलं की मढ गाठती. उलटं नाय का ह्ये?”

मी मराठी घेऊन बी.ए. झालेले. पण उलटं होतं, एवढं मलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी दीर स्वतः पुढच्या सीटवर. पंपावर ती म्हणाली, “फुल्ल.”

“येडी झालीस का वहिनी? भंगारवाला घरी येऊन बसलाय!”

“बसायची तर माज्या डोळ्याम्होरं बसू दे.”

आणि बसली. खिंडीतच. दिरानं तोंडातली सुपारी थुंकली आणि खाली उतरला.

तिनं बॉनेट उघडलं. “बाई, डब्याचं झाकण द्या. सर, तुमी स्टार्टर मारा.” कार्बोरेटरला जाणारी नळी काढून तिनं झाकणात धरली. कोरडी ठक्क. “त्यो कार्बोरेटर फुकट बदनाम. मागं चला.” मग टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनाजवळच्या पंपाकडं येणारी नळी काढून सोबत आणलेल्या पेट्रोलच्या बाटलीत बुडवली. सरांनी स्टार्टर मारला आणि माझ्या झाकणात पेट्रोलची चिळकांडी उडाली. “पंप बी चांगला. मागं चला, अजून मागं.”

मागं आता टाकीच उरली होती. तिनं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून टाकीनं हवा आत ओढली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

ती पिशवीकडं बघत राहिली. पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला हवी, आणि पिशवीनं झाकणाचं हवेचं भोकच बुजवलं होतं. टाकी भरलेली असली की आत हवा मुळातच थोडी, म्हणून दम लवकर कोंडायचा; अर्ध्या तासात फटीतनं हवा झिरपली की गाडी पुन्हा सुरू.

“आयला, म्हातारीनं...” दीर बोलायला लागला.

“म्हातारीनं थेंब शिरू दिला नाय ह्या पावसात. त्ये बोल.” तिनं बांगडीतली सेफ्टीपिन काढली, पिशवीला झाकणाच्या भोकाखाली बारीक भोक पाडलं आणि पिशवी परत होती तशीच बसवली. सासूला तिनं काही सांगितलं नाही. भंगारवाल्याला चहा पाजला.

पुढं माझी बदली पिंपळवंडीला झाली. खूप वर्षांनी ती गेल्याचं कळलं, तेव्हा घरच्यांना भेटायला मढला गेले. गाडी दारातच होती. दीर म्हणाला, “चला, जुन्नरला सोडतो.”

 खिंडीत त्यानं गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवून उतरला, मागं गेला. मी आरशातून पाहिलं. पांढऱ्या मिशांचा तो माणूस वाकून टाकीला कान लावून उभा होता, जरा जास्तच वेळ.

मग येऊन बसला. “घेतीया,” म्हणाला, आणि गिअर टाकला.