मातीत न विरणारी चकती

माझी धाकटी नणंद आयुष्यभर एका प्रयोगशाळेत औषधासाठीचं जेल बनवत आली. प्रक्रिया केलेला स्टार्च पाण्यात खळीसारखा घट्ट मळायचा, बुडबुडे काढायचे, पातळ थापून किरणोत्सर्गाखाली पाठवायचा. किरणांनी त्यातले धागे एकमेकांत गुंततात. जोडायला वेगळं रसायन लागत नाही. मग त्याच्या चकत्या कापायच्या. अशी चकती जठरातल्या आम्लात आकसून औषध धरून ठेवते, पुढे आतड्यात फुगून ते सोडते आणि काम झालं की विरून जाते. निदान जावी, अशी अपेक्षा.

तिची निवृत्ती तोंडावर आली होती. तोवर जेल जमलं नाही, तर तिच्यामागे हे काम गुंडाळणार होते. म्हणून तिने या खेपेला किरणांची मात्रा वाढवली. चकत्या देखण्या झाल्या. आकसल्या, फुगल्या, चिमट्याने उचलल्या तरी फाटेनात. साहेब खूश. राहिली विरण्याची परीक्षा. त्यासाठी तिने काही चकत्या प्रयोगशाळेतल्या मातीत पुरल्या, एक आमच्या गुलाबाच्या कुंडीत.

काही आठवड्यांनी कुंडी बदलताना ती चकती माझ्या हाती लागली. जशीच्या तशी.

“अगं, ही घे तुझी चकती. धुऊन पुन्हा वापर!”

ती हसली नाही. चकती तळहातावर घेऊन तिने नखाने दाबून पाहिली. प्रयोगशाळेतल्याही तशाच निघाल्या.

साहेब म्हणाले, “मॅडम, बाकी सगळं जमलंय. हळूहळू विरतं, असं लिहा की.”

“हळूहळू म्हणजे किती? मी गेल्यावर?”

घरी आल्यावर मला म्हणाली, “वहिनी, धागे फार घट्ट विणले गेले. माझीच घाई. कुणाच्या तरी पोटात जायचंय ते.”

तिने कमी मात्रेची नवी खेप केली. चकत्या लिबलिबीत, उचलताना जपावं लागे.

“फोटोत काही बऱ्या दिसत नाहीत,” साहेब कुरकुरले.

“पोटात कोण बघायला जातंय?”

या नव्या चकत्या मातीत पुरलेल्या असतानाच ती निवृत्त झाली. महिनाभर फोन वाजला की चमकायची. अखेर साहेबांचाच आला.

“मॅडम, काही सापडत नाही.”

“माती नीट चाळलीत?”

“दोनदा. पुढची खेप घेतोय. खळ कितपत घट्ट मळायची?”

तिने फोन खांदा न् कान यांच्यामध्ये धरला आणि दोन्ही हात हवेत मळत त्यांना सांगायला लागली.