‘बिवेअर’ची पाटी आणि सुनंदाचा ऊस

“काळूला नेलं गं वाघानं,” सुनंदा फोनवर म्हणाली, आणि लगेच पुढं तिनं विचारलं, “तुला मेथी पाठवू का?” एवढ्यावर मी गाडीत हवा भरून घेतली.

सुनंदा माझी शाळेतली मैत्रीण. माझे वडील श्रीगोंद्याला शिक्षक होते, त्यामुळे दहावीपर्यंत आम्ही दोघी एका बाकावर. पुढं मी पुण्यात इंग्रजी शिकवत राहिले आणि ती पेडगावच्या बाजूला भीमेकाठी शेतावर नांदायला गेली. आता नवरा नाही, मुलगा नोकरीला लांब. घराच्या तीन बाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. तिकडं त्याला सगळे वाघच म्हणतात. काळू तिचा कुत्रा होता, तिची एकटीची सोबत. मी निघाले ती फिरायला नाही, तिला गाडीत घालून पुण्याला आणायला. तरी प्रवासाच्या या सदरात तुमच्यासाठी रस्त्याच्या नोंदी ठेवल्या आहेत.

सोलापूर रस्त्यानं पाटसपर्यंत निवांत जाता येतं. तिथून दौंड, काष्टी करत श्रीगोंदा तालुक्यात शिरलं की हंगामात उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. एकामागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेलच असं नाही. ओव्हरटेक करायची घाई करू नका. मी एका ट्रॅक्टरच्या मागे इतका वेळ रांगत राहिले की मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकला. काष्टीत चहा आणि गरम भजी मिळतात, दोघांचं पोट शंभराच्या आत भरतं. पेडगावचा किल्ला मात्र चुकवू नका. आतल्या लक्ष्मीनारायणाच्या मंदिरावरचं कोरीवकाम बघत तास कसा जातो कळत नाही, असं मी मागच्या खेपेला लिहिलं असतं. या खेपेला मी प्रत्येक झुडुपाकडं बघत होते. दहा मिनिटांत बाहेर आले.

सुनंदाच्या गेटवर मी वास्तुशांतीला दिलेली पाटी अजून होती, ‘बिवेअर ऑफ डॉग’. हा शब्द मी वर्षानुवर्षं शिकवला. वर्गात सांगायचे, ज्याला माहीत आहे त्यानं ज्याला माहीत नाही त्याला हा शब्द सांगायचा. नुसतं सावध राहा म्हणून भागत नाही, कशापासून तेही सांगावं लागतं. त्यात धाक असतो, तशी काळजीही असते. आणि आता पाटी जागेवर, पण साखळी रिकामी. मला तिथंच रडू आलं.

“कुत्रंच न्हाई तर पाटी काढू का?” सुनंदानं विचारलं.

“राहू दे. आणि पिशवी भर, तू माझ्याबरोबर येतेस.”

“आन् म्हशीला कुटं ठिऊ, विजे? तुझ्या गॅलरीत?” ती हसली. “उद्या टोळी येतीय तोडायला. ऊस गेला की मोकळं दिसंल समदं.”

मी आणखी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा तिनं भाकरी वाढली. रात्री दाराची कडी मी तीनदा तपासली.

सकाळी पाथर्डीकडची टोळी आली. नवरा-बायकोच्या जोड्या, कोयते, आणि रंजना नावाच्या बाईच्या कडेवर जेमतेम बसायला लागलेली मुलगी. ट्रॉलीच्या सावलीत झोळी बांधून रंजना तिला त्यात ठेवायला लागली, तशी मी पुढं झाले.

“इथं? उघड्यावर?”

“मग कुठं ठेवू, ताई?” रंजना म्हणाली. “काम तर हाय ना.”

“माझ्याकडं दे. मी गाडीत घेऊन बसते, काचा लावून.”

तिनं जरा माझ्याकडं, जरा गाडीकडं पाहिलं आणि मुलगी माझ्या मांडीवर दिली.

तोडणी घराच्या बाजूनं सुरू झाली. दुपार कलता कलता मधे उसाचा एक चौकोन तेवढा उरला, बिबट्या असलाच तर आता त्यातच. तिथं सगळे थांबले. सुनंदानं घरातून परात आणली, कुणी डबा घेतला, कुणी पत्रा. तीन बाजूंना माणसं उभी राहिली. नदीकडची बाजू पूर्ण मोकळी होती. आता मोठा गोंगाट होणार, बाळ दचकणार, म्हणून मी गाडी हळूच वळवली आणि शेताला वळसा घालून त्या मोकळ्या बाजूला नेऊन लावली. जिथं कुणी नाही ती जागा मला सगळ्यात सुरक्षित वाटली.

पराती वाजायला लागल्या. आणि सगळ्यांच्या वर सुनंदाचा आवाज.

“ऊठ गं बाई! आमी आलोय! पिल्लं आसतील तर घिऊन जा! लांबनं जा!”

मग तिनं माझी गाडी पाहिली. परात खाली पडली. “विजे! माघारी हो! माघारी हो!”

मला ऐकू आलं, पण किल्ली फिरवायला हात उठेना. समोर उसाचे शेंडे हलत होते, एका रेषेत, माझ्याकडं. मुलीनं माझ्या बांगड्या धरल्या होत्या. ऊस दुभंगला आणि बिबट्याची मादी बाहेर आली. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान, आणि पोट लोंबलेलं. गाडी बघून ती थबकली. मी मुलीचा चेहरा पदरात घेतला. देवाचं नाव आठवेना, काहीच आठवेना. मग बॉनेटला वळसा घालून ती नदीकडं निघून गेली.

सगळ्यात आधी रंजना पोचली. दार उघडून तिनं लेक काढून घेतली.

“तिकडं कशाला गेलीस?” सुनंदा धापा टाकत आली. “ती बाजू तिला सोडल्याली हुती!”

“मला कुणी सांगितलं?”

“ते काय सांगायचं आसतंय व्हय?” म्हणाली आणि तशीच ढेकळांत बसून रडायला लागली. काळू गेल्याचं मला सांगताना तिचा आवाज हलला नव्हता. इथल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट मला सांगायची राहिली, हे तिला सहन होईना. रंजनाही मग शेजारी येऊन बसली. मुलगी पुन्हा माझ्या बांगड्यांकडं हात करत होती.

तेव्हा वाचकहो, तोडणीच्या दिवसांत उसाच्या पट्ट्यात गाडी लावण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. मोकळी दिसते ती जागा कुणासाठी तरी मोकळी ठेवलेली असते.

सुनंदा आली नाही. तिचा ऊस गेला, पण शेजाऱ्याचा अजून उभा आहे. निघताना मी गेटवरची पाटी काढून मागच्या दाराला लावली, उसाकडं तोंड करून. “तिला इंग्रजी येतंय का?” सुनंदानं विचारलं. मी मेथी डिकीत ठेवली.

घरी आल्यापासून रोज दिवेलागणीला मी तिला फोन करते. ती फोन घेऊन मागच्या दारात जाते आणि आधी उसाला हाक मारते, मग माझ्याशी बोलते. परवा तिनं फोन उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. चप्पल घालून किल्ली हातात घेतली, तेवढ्यात तिचाच आला.

“अगं, म्हशीला पानी दावत हुते. मेथी संपली का—”

“आधी ओरड,” मी म्हटलं. “मग बोल.”

दार उघडल्याचा आवाज आला.

“मी हाय गं बाई हितं! लांबनं जा!”

मी किल्ली परत खिळ्याला अडकवली.