विमान नसताना थांबलेलं बोलणं

आधी माफी मागतो. इथे लिहिणारे बरेच जण अनुभवी आहेत, मी अजून टीवायला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच, त्यामुळे लिहायची सवय अशी नाही. शिवाय असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. फक्त घडलं तसं सांगतो.

अंधेरी पूर्वेला, विमानतळाच्या भिंतीला लागून, आमची स्टाफ कॉलनी आहे. पप्पा सरकारी विमान कंपनीत लोडर होते. कंपनी विकली गेली, पप्पांची नोकरी टिकली, पण क्वार्टर खाली करायची नोटीस आली.

कॉलनीची एक सवय आधी सांगायला हवी. डोक्यावरून विमान गेलं की आम्ही सगळे बोलता बोलता थांबतो. अगदी वाक्याच्या मध्ये. विमान गेलं की पुढच्या शब्दापासून सुरू. बाहेरचे पाहुणे गोंधळतात, आम्हाला त्याचं काहीच वाटत नाही.

इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी मी आमच्याच कंपनीचा इतिहास घेतला होता. टपाल नेणारी पहिली विमानं, मग सरकारीकरण, मग अपघात. अपघातांबद्दल वाचायला खूप मिळतं — हवामान, उंचीचा चुकलेला अंदाज, चौकशी. माणसं मात्र मिळत नाहीत. म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या परबकाकांकडे गेलो.

काकांचे मोठे भाऊ वसंत स्टुअर्ड होते. त्यांचं विमान परदेशात एका बर्फाच्या डोंगरावर आदळलं. काहीच हाती लागलं नाही. काका तेव्हा शाळेत होते. पुढे भावाच्या जागी काकांना नोकरी लागली, काकांनंतर त्यांचा मुलगा महेशदादा लागला, आणि घर तेच राहिलं. काकांच्या आईने जाताना एवढंच सांगितलं होतं — वसंताची खबर येईपर्यंत हे दार बंद करू नको.

त्यामुळे काका हलायला तयार नव्हते. महेशदादाने नालासोपाऱ्याला रूम घेतली होती, पुढच्या आठवड्यातल्या रविवारचा टेम्पो ठरला होता.

"दादाचो पत्तो ह्योच आसा," काका म्हणाले. "खबर इली तर हयच येतली."

"बाबा, खबर आता मोबाईलवर येते. तुमचे दादा नालासोपाऱ्यालाही रेंजमध्ये येतील ना!" महेशदादा म्हणाला.

"मेल्या, मोठ्या काकाबद्दल असा बोलतंस?" आतून काकी ओरडल्या. त्या विळीवर नारळ खोवत होत्या. महेशदादा हसत खोके आणायला खाली गेला.

मी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. दुपार होती, पंखा फिरत होता. काका सांगत होते, "दादा निघताना माका म्हणालो, येताना तुका..." आणि विमान आलं. काका थांबले. आतली विळी थांबली. शोकेसमधले ग्लास नेहमीसारखे किणकिणले. विमान गेलं, आणि काका पुढे म्हणाले, "...घड्याळ आणतंय."

संध्याकाळी मी रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. "येताना तुका"नंतर शांतता. पंख्याची घरघर ऐकू येते, ग्लास किणकिणतात... विमानाचा आवाज नाही. कुठेच नाही.

मी खाली जाऊन काकींना विचारलं.

"गेला तर विमान! माझा खोवचा थांबला नाय?"

मग पप्पांना विचारलं. "कुठलं विमान रे? पावसाळ्यानंतरच्या दुरुस्तीला रनवे बंद होता दुपारभर. म्हणून तर मी घरी झोपलो होतो."

खरंच होतं. मीच विसरलो होतो.

सवयीने थांबलो असू, असं मी स्वतःला सांगितलं. पण तिघंही एकाच क्षणी? आणि ग्लास? मित्राला ऐकवलं, तो म्हणाला फोनचा माईक खराब असेल. असेलही. पंखा मात्र स्वच्छ ऐकू येतो. भीती वाटली असंही नाही... कुणीतरी घरी येऊन गेल्यासारखं वाटलं, इतकंच.

टेम्पोच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मी काकांकडे खोके बांधायला गेलो होतो. काका बाल्कनीत पाठ करून बसले होते. बेल वाजली. मी दार उघडलं. कंपनीच्या ऑफिसातले एक साहेब उभे होते, घामाघूम.

"वसंत परब यांचं घर हेच ना? आमच्याकडे एवढा एकच पत्ता होता."

काका उठून आले. साहेब हळूहळू सांगू लागले. तिकडचा बर्फ वितळतो आहे. गिर्यारोहकांना युनिफॉर्मच्या कोटाचा तुकडा मिळाला, त्यावर नावाची पट्टी शाबूत होती. काही अस्थीही मिळाल्या आहेत, घरच्यांना आणता येतील.

"कधी गावला?" काकांनी विचारलं.

"मागच्या आठवड्यात." नेमका दिवस त्यांना माहीत नव्हता.

काका आतल्या दाराकडे वळले, काकींना हाक मारली, आणि तेवढ्यात विमान आलं. खरंखुरं, अगदी खालून. आम्ही सगळे थांबलो. महेशदादा हातात सुतळी धरून तसाच उभा राहिला.

काका थांबले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच. त्या आवाजात त्यांचे ओठ हलत राहिले, पुन्हा पुन्हा तेच शब्द, आणि विमान गेल्यावर शेवटचे आम्हाला ऐकू आले.

"...दादा गावलो गो. दादा गावलो."