भोंग्याची वायर

बटर पॉपकॉर्नचा वास मला आजही सहन होत नाही. शिरवण्याजवळच्या केमिकल कंपनीत मी नवा होतो, तेव्हा आमच्या सुपरवायझरनी आम्हा पोरांना वाशीला डायनासोरचा सिनेमा दाखवला होता, वर पॉपकॉर्नही दिलं होतं. पडद्यावर, पाहुणे घाबरतील म्हणून मालकांनी कुंपणाचा भोंगाच बंद ठेवला, तेव्हा सुपरवायझर खो खो हसले. "असली कंपनी असते का रे कुठे? काहीपण दाखवतात!" रोज सकाळी आमच्या प्लांटचा गॅसगळतीचा भोंगा तपासल्याची सही करणारा माणूस बोलतोय म्हटल्यावर मीही हसलो. आठवड्याभरातच प्लांटमध्ये क्लोरीनची गळती झाली आणि भोंगा वाजलाच नाही. माझ्या पाळीतला जोडीदार खोकत खोकत दारातच कोसळला. वाचला, पण अजून एक जिना चढला की थांबतो. नंतर मी शिडी लावून पाहिलं. वायर कापलेली होती, टोकांना काळी टेप गुंडाळलेली, टेपवर कित्येक महिन्यांची धूळ. म्हणजे ते हसत होते तेव्हाही ती तशीच होती. "सारखा वाजायचा रे, दर वेळी प्लांट थांबवायला लागायचा," ते शांतपणे म्हणाले. परवा अशाच एका सिनेमात लेक कुजबुजली, "बाबा, कंपनी एवढी मूर्ख कशी असेल?" मी म्हटलं, "मूर्ख नसते गं," आणि पॉपकॉर्न तिच्याकडे सरकवलं.