औदुंबराची काडी

स्वतःच्या तोंडाने स्वतःचं लग्न मोडलेला माणूस पाहिलाय कधी? नीट बघा, समोर बसून चहा पितोय.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी काटोलला संस्कृत शिकवायचो. नागपूरच्या महाल भागातल्या शालिनीचं स्थळ आलं. मुलगी मला फार आवडली, उगाच कशाला लपवू? मुलगी बघून मामा आणि मी त्यांच्याकडेच मुक्कामाला राहिलो. सकाळी चहा झाला की सुपारी फोडायची, एवढंच उरलं होतं.

सकाळी अंगणात तिच्या वडिलांनी, तात्यांनी, निंबाची काडी पुढे केली. "घ्या मास्तर, दातून."

काडी घ्यावी, दात घासावेत, गप्प बसावं. पण अंगात विद्या होती ना! म्हटलं, "तात्या, दातून हे हिंदी. आपलं दातवण. दोन्हींचं मूळ संस्कृत दंतपवन. पवन म्हणजे इथे वारा नव्हे, शुद्ध करणारं."

"असन बा," तात्या म्हणाले. "घासा आता."

"आणि निंबच का, असं विचाराल..." कोणीही विचारलं नव्हतं. "विद्या पुरी करून घरी निघालेल्या ब्रह्मचाऱ्याने औदुंबराच्या काडीने दात घासावेत, असं गृह्यसूत्रांत आहे."

कोपऱ्यात औदुंबर होता. बुंध्याला हळदकुंकू, खाली दिवा. दिसलं नाही असं नाही. पण सोदाहरण शिकवायची खोड वाईट. कटकन डहाळी मोडली आणि चावायला लागलो.

शालिनीची आई पाण्याचा तांब्या घेऊन आली, ती तिथेच थबकली. "अवो मास्तर, काय करून राहिले तुम्ही?"

"दंतपवन," मी म्हणालो.

"त्या झाडाले आम्ही नख बी लावत नाही. पोरीले चांगला नवरा भेटू दे म्हणून चार महिने झाले, रोज फेऱ्या घालून राहिली मी."

इथे तरी पाय धरायचे की नाही? तोंडात काडी तशीच, आणि मी म्हणतो, "काकू, श्रद्धा वेगळी, शास्त्र वेगळं."

"चूप बस ना गा, बैला," मामा म्हणाला. तात्यांनी सुपारीचं तबक आत नेलं. काकू पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

तेवढ्यात शालिनी दारात आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"रडून काहून राहिली वं आई? फेऱ्या फुकट नाही गेल्या. सुपारी फुटाच्या आधीच देवानं सांगतलं ना, हा नाही म्हणून."

त्या वाक्यावर मला अजून भाष्य करता आलेलं नाही.