डोळे मिटून वाजवणारा माणूस

सुकदेवमामा कधीच माणसाच्या डोळ्यांकडे बघून बोलत नाहीत. त्यांची नजर समोरच्याच्या ओठांवर असते. नव्या माणसाला वाटावं, आपल्या मिशीला काही तरी चिकटलंय. मामांनी सुरतेत बमरोलीला तीस वर्षं यंत्रमाग चालवले. त्या खडखडाटात ओरडून काही पोचत नाही, म्हणून तिथले कारागीर एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात. मामांचे कान मागांनीच खाल्ले, पण ओठ मराठी असोत, गुजराती असोत की उडिया, मामा ते बिनचूक वाचतात.

कान गेले तरी ढोलकी सुटली नव्हती. गल्लीतल्या भजनी मंडळात ते डोळे मिटून वाजवायचे, आणि तिथेच घोटाळा झाला. श्रावणातल्या एका रविवारी खानदेशी घरांत कानबाई देवी बसते, आणि सुरतेतले आमचे लोक तर ती गावाहूनही जास्त हौसेने बसवतात. त्या कार्यक्रमात एका वर्षी गाणं संपलं, पेटी थांबली आणि मामा एकटेच वाजवत राहिले. लोक पोट धरून हसले. पुढच्या वर्षी मंडळात गाणारे आणि पेटी वाजवणारे रमेशभाऊ म्हणाले, ढोलकीला बाहेरचा माणूस आणू, मामांनी झांजा घ्याव्यात. हे मामांना सांगणार कोण? मामींनी माझ्या आईला फोन केला, आणि आईने मला पिटाळलं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे समजूत घालायची सगळी कामं माझ्या गळ्यात पडतात.

शनिवारी सकाळी अमळनेरहून आलेली गाडी सुरतेतल्या उधना स्टेशनवर सोडली, तर मामा फलाटावर हजर. मी तोंड उघडलं की ते त्यात काही तरी भरवत. आधी गाडीवरचा लोचो. बिघडलेल्या खमणासारखा दिसणारा तो गरम लगदा, वर तेल, शेव आणि कांदा. मग मिरी घातलेला खाजा, त्यावर लिंबू पिळून. मग दाट, थंडगार कोको. "खाय, बेटा. सुरत पाहाले पाय नही, पोट लागस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुपारी ते मला त्यांच्या जुन्या कारखान्यात घेऊन गेले. पाच मिनिटांत माझं डोकं दुखायला लागलं. मामांनी मात्र एका मागाच्या चौकटीला तळहात लावला, क्षणभर थांबले आणि कारागिराला बोटाने एक सैल पट्टा दाखवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "आयकं? कशी लय शे!"

घरी मामींनी शेवभाजी केली होती. मामा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसले होते. मी मामींच्या कानाशी लागून अगदी हळू म्हटलं, "उद्या सकाळी सांगते त्यांना. पुन्हा हसं नको व्हायला."

"भाची," मामा तिथूनच म्हणाले, "माले चुकाडीसन बोलनं व्हई, तर मन्हा पाठमांगे बोल. समोर कुजबुजशी तर माले समदं समजस."

मामींनी पदर तोंडाला लावला. मामा पुन्हा दोऱ्या आवळायला लागले, आणि मला माझीच भयंकर लाज वाटली. सकाळी मी काहीही सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी कानबाईपुढे सतरंजी पसरली. मामा सगळ्यांच्या आधी जाऊन ढोलकीच्या जागेवर बसले. रमेशभाऊंनी त्यांच्यापुढे झांजा धरल्या. मामांनी त्या घेतल्या, बाहेरून आणलेल्या वादकाच्या हातात दिल्या आणि आपली ढोलकी मांडीवर ओढली. "भाऊ, तुम्ही पाव्हना शे, सोपं काम तुमले." मग चप्पल काढलेला उजवा पाय त्यांनी लांब केला आणि तळवा रमेशभाऊंच्या पेटीच्या लाकडाला टेकवला. रमेशभाऊ पेटी सरकवणार होते, पण का कोण जाणे, थांबले.

मामा डोळे उघडे ठेवून वाजवत होते. नजर रमेशभाऊंच्या ओठांवर. एक ठेका चुकला नाही, एकही गाणं रेंगाळलं नाही. तरी मला वाईट वाटत होतं. पहारा करणाऱ्या माणसासारखे ते ताठ बसले होते, वाजवण्यातलं सुख काही चेहऱ्यावर दिसत नव्हतं. शेवटच्या गाण्याला मात्र त्यांनी सरळ डोळे मिटले. मामींनी माझा दंड घट्ट धरला.

गाणं संपलं. पेटी थांबली. मामा थांबले नाहीत.

मागे कोणी तरी फिसकन हसलं. मी वळून त्याच्याकडे असं बघितलं की माझ्या वर्गातली पोरं गारठली असती. तेवढ्यात माझा दंड सोडून मामींनी तेच गाणं पुन्हा सुरू केलं, मोठ्या, उघड्या आवाजात. बायकांनी ते उचललं. मग झांजा आल्या, आणि सगळ्यांच्या शेवटी रमेशभाऊंची पेटी आली.

सोमवारी मामा मला गाडीत बसवायला आले. खिडकीशी उभे होते, नजर माझ्या ओठांवर. मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "मामा, खरं सांगा. काल गाणं संपलेलं कळलं नव्हतं ना?"

"पेटी थांबनी, तव्हढ्यातच पायले समजनं," मामा म्हणाले. "गानं सरनं व्हतं. मन्हं वाजाडनं सरनं नव्हतं."